एक कप, एक बिस्किट आणि एवढा राग

मूळच्या कोल्हापूरच्या, सासर पुण्याचं, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्टला राहायला आलेल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, आणि पत्र लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते.

समोरच्या घरातल्या सत्तरीच्या डच बाईंनी हिला 'एकदा कॉफीला ये' म्हटलं आणि तिथल्या तिथे डायरी काढून अडीच आठवड्यांनंतरचा बुधवार ठरवला, सकाळी साडेदहा. कुणी सकाळचं बोलावलं म्हणजे खाणं असणारच, म्हणून ही नाश्ता न करता गेली. बाईंनी कपभर कॉफी दिली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला, हिने एक बिस्किट उचललं आणि बाईंनी झाकण लावून टाकलं. थोड्या वेळाने 'आणखी कॉफी?' म्हणून विचारलं, ही संकोचाने 'नको' म्हणाली, तर थर्मास उचलून आत. पावणेबाराला बाईंनी दोन्ही हात मांड्यांवर आपटले, 'झो' म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. संपलं.

मग आपली पद्धत काय असते ते तरी त्यांना कळावं म्हणून हिने त्या बाईंना नवऱ्यासकट शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कॉफीला बोलावलं आणि बटाटेवडे, पुलाव, कोशिंबीर, गुलाबजाम असा घाट घातला. ते दोघं साडेसातच्या ठोक्याला आले, एकेक वडा कसाबसा खाल्ला, 'आम्ही जेवून आलोय' म्हणाले, आणि नऊला गेले. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्या म्हणाल्या अशा माणसांच्या घरची पायरी परत चढू नकोस. आणि आता त्याच बाईंनी दारात कार्ड टाकलंय, रविवारी दुपारी दोनला वाढदिवसाच्या कॉफीला या म्हणून. ती विचारतेय, "ताई, यांना आम्ही मनापासून हवेच नसू तर कशाला जायचं? आपली मराठी माणसं आहेत की इथे, तेवढ्यात राहावं का? आणि मी पक्की चहावाली, त्यांची ती कॉफी मला धड गिळवतसुद्धा नाही."

*

अगं, वाढदिवसाला तू जायचंच आहेस, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ परत वाच. बाईंनी आणखी कॉफी विचारली आणि तू 'नको' म्हणालीस. का म्हणालीस? कारण आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच मुळी. कोल्हापुरात तर तीनदा नको म्हटल्यावरसुद्धा ताटात तांबडा रस्सा पडतो, आणि तो पडणार हे वाढणाऱ्यालाही माहीत असतं आणि जेवणाऱ्यालाही. तू तुझ्या रीतीने पहिली फेरी खेळलीस आणि दुसऱ्या फेरीची वाट बघत बसलीस. त्या बाईंनी मात्र तुझा शब्द जसाच्या तसा घेतला. इथे प्रौढ माणसाने नको म्हटलं की परत विचारणं हेच आगाऊपणाचं समजतात, म्हणजे आपण आग्रह करतो तेव्हा त्यांना वाटतं, अरे मी सांगितलं ते याला ऐकू आलं नाही का.

आणि यातली खरी गंमत तुला कुणी सांगितलीच नसणार. दुसऱ्या कपाबरोबर डबा परत उघडतो! जुन्या वळणाच्या डच घरात असंच असतं, एका कपाला एक बिस्किट, दुसऱ्या कपाला दुसरं. तू दुसरा कप नाकारलास म्हणजे दुसरं बिस्किटही तूच नाकारलंस, ते झाकण खरं तर तुझ्याच हातून लागलं गं.

चिडू नकोस, तुझा राग खोटा होता असं मी म्हणत नाहीये. उपाशीपोटी गेलीस, वर काळी कडक फिल्टर कॉफी प्यायलीस, कुणाचंही डोकं फिरेल. पण राग आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझा अपमान झाला का, एवढं आपण जरा तपासून बघू.

या बाईंनी तुला काय दिलं? तू पत्रात ताटातलं सगळं मोजलंयस, वेळ मोजलेला नाहीस. अडीच आठवडे आधी तारीख ठरवली याचा तुला राग आलाय, 'मी काय दाताच्या डॉक्टरकडे जातेय का' असं लिहिलंयस (हसले मी, खरं सांगते). पण इथे सत्तरीच्या माणसांचीही डायरी भरलेली असते, कुठे नातवंडं सांभाळायची, कुठे संस्थेचं फुकटचं काम, कुठे पोहणं, कुठे कॉयरमध्ये गाणं, आणि त्या डायरीत तुझं नाव लिहून त्या सव्वा तास फक्त तुझ्यासाठी बसल्या. टीव्ही नाही, फोन नाही, मधेच उठून फोडणीला टाकणं नाही. आपल्याकडे पाहुणे आले की बाई स्वयंपाकघरात आणि पाहुणे बाहेर, जाताना दारात 'बसायला मिळालंच नाही गं तुझ्याशी' म्हणून हळहळायचं, हे आपण किती वेळा केलंय. तिथे उलटं आहे. खायला जवळपास काही नाही, पण माणूस पूर्ण समोर.

आणि बुधवार होता ना? इथे बऱ्याच प्राथमिक शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात, आणि आणायला जाणारे बहुतेक वेळा आजी-आजोबाच. शिवाय बाराच्या सुमाराला यांची ब्रेड-चीजची वेळ. पावणेबाराला त्या उठल्या त्यात तुझ्याबद्दल काहीही नव्हतं. ते मांडीवर हात आपटून 'झो' म्हणणं तर इथे एवढं सगळे करतात की डच लोक स्वतःच त्याची टिंगल करतात. पाहुणाही करतो, यजमानही करतो. म्हणजे चला, झालं आता, छान वाटलं. आपल्याकडे हेच 'चला, निघतो' म्हणून सुरू होतं आणि पुढे अर्धा तास चपला घालून दारात चालतं, त्यांच्याकडे तो अर्धा तास नाही, बस.

आता तुझ्या शुक्रवारकडे येऊ, कारण तो तुला जास्त लागलाय असं पत्रावरून वाटतं. तू त्यांना काय म्हणालीस? साडेसातला कॉफीला या. अगं, इथे कॉफीच्या वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी दहा-साडेदहाची एक, आणि रात्रीचं जेवण सहाला उरकून साडेसात-आठच्या सुमाराला दुसरी, मधे दुपारी तीन-चारला कुणी चहा घेतं कुणी कॉफी. म्हणजे तू नकळत बरोब्बर जेवणानंतरच्या कॉफीची वेळ दिलीस, आणि ते बिचारे अगदी सांगितल्याप्रमाणे जेवून, साडेसातच्या ठोक्याला, कॉफी प्यायला आले. समोर बघतात तर लग्नाची पंगत. एकेक वडा खाल्ला हेसुद्धा खूप झालं, सहाला बटाटे खाऊन आलेल्या माणसाने साडेसातला बटाटेवडा खाणं म्हणजे प्रेमच म्हणायचं.

म्हणून जेवायला बोलवायचं असेल तर जेवायला या असंच म्हणायचं, आणि सहा, फार तर साडेसहाची वेळ द्यायची. हे तुला एकटीला नाही, नव्याने आलेल्या सगळ्यांनाच सांगतेय, कारण अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि प्रत्येक पत्रात कुणीतरी पाच पदार्थ करून बसलेलं असतं.

तू विचारशील, मग काय, हे लोक चिक्कू नाहीतच का? आहेत की थोडे! मी काही त्यांची वकिली करायला बसलेली नाही. डबा पुढे करून लगेच झाकण लावायचं ही सवय त्यांच्यातच एक चालू विनोद आहे. विलेम द्रेस म्हणून यांचे एक पंतप्रधान होते, 1948 ते 1958, त्यांची एक आख्यायिका अजून सांगतात. महायुद्धानंतर अमेरिका युरोपला पैशाची मदत देत होती, त्या मार्शल प्लॅनच्या वेळी अमेरिकन पाहुणे त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्यापुढे चहा आणि एक मारी बिस्किट आलं, आणि पाहुण्यांची खात्रीच पटली की या देशाला दिलेला पैसा उधळला जाणार नाही. खरं-खोटं देव जाणे, पण डच माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो, यातच काय ते समज.

काही जण म्हणतात हे महायुद्धातल्या टंचाईमुळे. टंचाई होतीच, युद्धानंतरही रेशनिंग बरीच वर्षं चाललं, आणि रेशनमधून सगळ्यात शेवटी सुटलेली वस्तू म्हणजे कॉफी, 1952 मध्ये. तुझ्या शेजारच्या बाई सत्तरीच्या, म्हणजे त्यांच्या आईने कॉफी कूपनावर आणलेली असणार, आणि घरातल्या सवयी अशाच खाली झिरपतात. पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. युद्ध काय दक्षिणेत झालं नाही का? लिम्बुर्खमध्ये कुणाच्या घरी जाऊन बघ, कॉफीबरोबर व्लाय म्हणून फळं भरलेला केकसारखा मोठा गोल प्रकार येतो आणि ताटलीत भला थोरला तुकडा पडतो, ब्राबान्टमध्येही हात सैल असतो. वरच्या प्रोटेस्टंट भागात हात आखडता, खालच्या कॅथलिक भागात सैल, असं इथलेच लोक एकमेकांना चिडवत असतात. त्यामुळे 'डच लोक असे' म्हणून सरसकट ठरवू नकोस. आणि तुझं सासर पुण्याचं आहे ना? मग 'चहा घेऊनच आला असाल' या वाक्यावर आख्खा महाराष्ट्र किती वर्षं हसतोय ते तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या नवऱ्याला यातलं काहीच मनाला लागलं नाही असं तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, मला त्यात जराही नवल वाटलं नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू आठव. तू जातेस, कुंकू लावतात, वाटीत आंब्याची डाळ, पेल्यात पन्हं, ओटीत हरभरे, आणि पंधरा मिनिटांत तू बाहेर. डाळ परत वाढली नाही म्हणून तू कधी रुसलीस? नाही, कारण ते जेवण नाही, ती भेट आहे, आणि भेटीचं माप ठरलेलं आहे, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्यांची कॉफी ही तशी आहे. माप तेवढं तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि या कॉफीवर इथे सगळं चालतं. युरोपात माणशी कॉफी पिण्यात हे लोक फिनलंड वगैरेंच्या पंगतीत बसतात. बाळ बघायला गेलं की कॉफी, आणि बरोबर लोणी लावलेल्या टोस्टवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, मुलगी झाली तर गुलाबी, मुलगा झाला तर निळ्या. घर बदललं की कॉफी. मयतानंतरसुद्धा हॉलमध्ये सगळ्यांना कॉफी आणि साध्या केकचा एकेक काप, त्यावरच माणसं गेलेल्याच्या आठवणी काढतात. नळ दुरुस्त करायला माणूस आला तर आधी कॉफी विचारायची मग नळ दाखवायचा, हे कुणी सांगत नाही पण न विचारणारं घर लक्षात राहतं. कंपन्यासुद्धा त्यावरच मोठ्या झाल्या. डाउवे एगबर्ट्स हे दुकान 1753 मध्ये फ्रीसलंडमधल्या याउरे गावात सुरू झालं, त्यांच्या पाकिटावरचे पॉइंट कापून जमवायचे आणि त्यावर कप-चमचे घ्यायचे हे 1924 मध्ये सुरू झालं, तुझ्या शेजारणीचे चमचेही त्यातलेच असू शकतात, वाटलं तर विचार, अर्धा तास बोलतील.

तेवढ्यावर विषय संपला तर आणखी एक देते. कॉफी हॉलंडात पिकत नाही, आणि जी जावाची (म्हणजे इंडोनेशियातलं बेट, तेव्हा डचांच्या ताब्यातलं) कॉफी विकून हे लोक श्रीमंत झाले तिची रोपं गेली होती आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून. 1696 मध्ये पाठवलेली पुरात गेली, 1699 मध्ये परत पाठवलेली जगली, आणि 1711 पासून जावाची कॉफी अॅमस्टरडॅमला यायला लागली. पुढे 1830 पासून जावातल्या शेतकऱ्यांवर सरकारसाठी पीक लावायची जी सक्ती झाली ती काही गोड गोष्ट नाही, आणि आताची डच माणसं त्याबद्दल मोकळेपणी बोलतात, तेव्हा बिचकू नकोस. आपल्या वेंगुर्ल्यातही डचांची वखार होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, त्याचा फोटो फोनमध्ये ठेव. भाषा अडत असेल तेव्हा फोटो कामाला येतो.

आता तुझा खरा प्रश्न. 'यांना आम्ही मनापासून हवे आहोत का.' हे वाक्य तुझं आहे की सासूबाईंचं, हे मला पत्र दोनदा वाचूनही कळलं नाही. सासूबाईंचा मला राग येत नाही हं. त्या इथे पाहुण्या, बाहेर थंडी, भाषा येत नाही, दिवसभर घरात, आणि डोळ्यांसमोर सुनेने दिवसभर राबून केलेलं जेवण तसंच राहिलं, कुठल्याही सासूचा जीव तुटेल, आणि जीव तुटला की आपल्या बायका दुसऱ्याच्या घराला नावं ठेवतात. त्यांनी तुझी बाजू घेतली, चांगलंच आहे. पण त्या महिन्या-दोन महिन्यांत परत जातील आणि तू इथे समोरासमोरच्या दारात राहणार आहेस. पायरी चढायची की नाही हे राहणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं.

आणि ज्यांना तू नकोशी आहेस ती माणसं परत कार्ड टाकत नाहीत गं. वाढदिवसाला इथे वाटेल त्याला बोलवत नाहीत, खुर्च्या मोजून लावलेल्या असतात. बाईंच्या बाजूने बघ, त्यांनी तुला बोलावलं, तू बोलावलंस, त्यांच्या हिशोबाने फिटंफाट झाली, आता परत त्यांचा नंबर आला म्हणून त्यांनी बोलावलं. तुला तो शुक्रवार फसल्यासारखा वाटतोय, त्यांच्याकडे तो चांगल्या खात्यात जमा आहे.

पण एक खरं सांगते, कारण खोटी आशा लावायला मला आवडत नाही. डच माणसाची कॉफीची ओळख व्हायला सोपी आणि त्यापुढे जायला अवघड. वर्षानुवर्षं कॉफी पिऊनही जेवायला न बोलावणारी घरं आहेत, न सांगता दार वाजवलेलं बहुतेकांना आवडत नाही, आणि 'काही लागलं तर सांग' म्हणाले तर लागल्यावर खरंच सांगायचं असतं, ते आपणहून विचारायला येत नाहीत. रात्री अकराला ताप आल्यावर डबा घेऊन येणारी मैत्रीण तुला बहुतेक मराठी मंडळातच मिळेल. मग मंडळ धर ना! दोन्ही धर. 'तेवढ्यात राहावं का' या प्रश्नातला 'तेवढ्यात' मला खटकला. कुरिअरचं पार्सल मंडळ घेऊन ठेवत नाही, समोरची बाईच घेते.

चहाचं म्हणशील तर तो प्रश्नच नाही. कॉफीला बोलावलं म्हणजे कॉफीच प्यायली पाहिजे असं नसतं, 'मला चहा चालेल' एवढं म्हण, त्या एक लाकडी पेटी उघडतील, कप्प्याकप्प्यात चहाच्या पुड्या असतील, एक निवडायची आणि गरम पाण्याच्या ग्लासात बुडवायची. दूध-साखर-आलं घातलेला आपला चहा नसणार, त्याची आशा सोड. खरं तर तुला कॉफीच जास्त जमेल, फक्त त्यांचं ते कॉफीचं घट्ट दूध मागून घे, छोट्या भांड्यात किंवा बाटलीत असतं, आटवलेल्या दुधासारखं लागतं, ते घातलं की काळी कॉफी आपल्या जिभेला जरा ओळखीची होते. आणि बाहेर हॉटेलात गेलीस तर 'कॉफी फरकेर्ड' माग, त्यात निम्मं दूध असतं. पोटात काहीतरी घालून जा, हे परत सांगायला लावू नकोस.

हां, आणि सासऱ्यांना किंवा माहेरच्या कुणाला एकटं फिरायला पाठवशील तर कॉफीशॉप अशी पाटी दिसली म्हणून आत शिरू नका असं बजावून ठेव. तिथे गांजा मिळतो. कॉफी प्यायची ती कॅफेत नाहीतर हेमासारख्या दुकानात. आपल्याकडची साधीसुधी मंडळी त्या दारातून नाक मुरडत परत येतात आणि मग फोनवर गावभर सांगतात.

आता रविवार. दोनला म्हणजे दोनला, पाच मिनिटं इकडेतिकडे चालतं, पण अडीचला गेलीस तर केक कापून झालेला असेल. आत गेल्यावर बहुतेक खुर्च्या गोलात लावलेल्या दिसतील, आणि तुला त्या गोलातून फिरून एकेकाशी हात मिळवून 'खेफेलिसिटेर्ट' म्हणायचंय, फक्त बाईंना नाही, त्यांच्या नवऱ्याला, मुलीला, बहिणीला, सगळ्यांना, वाढदिवस बाईंचा पण अभिनंदन घरादाराचं. वेड्यासारखं वाटेल, करून टाक, खुश होतात. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. त्या केकात जिलेटिन असू शकतं, मूस किंवा थरथरणारा क्रीमचा थर दिसला तर विचारून घे, तू शाकाहारी आहेस की नाही ते पत्रात कळलं नाही. त्यानंतर वाइन-बीअर निघेल आणि चीजचे चौकोन, सॉसेजच्या चकत्या फिरतील, सॉसेज बहुतेक डुकराचं असतं. भेट छोटी ने, फुलं, एखादं रोप, साबण, तू केलेल्या शंकरपाळ्यांची बरणी तर फारच छान, त्या ती तुझ्यासमोरच उघडतील, तो इथे शिष्टाचार आहे, लाजू नकोस. साडी-बिडी नेऊन त्यांना ओझ्याखाली आणू नकोस मात्र, त्यांना लगेच परतफेडीचं टेन्शन येतं. आणि बाथरूमला गेलीस तर भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर लटकलेलं असेल, तसं बऱ्याच घरात असतं. पुढेमागे त्यात तुझं नाव दिसलं तर समज, मला वेगळं पत्र लिहायची गरज नाही.

परत तू बोलावशील तेव्हा सकाळी साडेदहाला बोलाव. एक गोड एक तिखट, बस, म्हणजे शंकरपाळी आणि चिवडा, किंवा दोन-दोन छोटे वडे. कॉफी त्यांना देतेस तशी आपला आल्याचा चहाही दे, इथल्या कॅफेत चहाचा जो मसाला घातलेला प्रकार मिळतो त्यापेक्षा तुझा नक्कीच चांगला असेल. बशी मधे ठेव आणि झाकण नको लावूस! पण आग्रहही एकदाच कर, दुसऱ्यांदा नको म्हणाले की सोड. हे तुला सगळ्यात अवघड जाणार आहे. हात आवरत नसेल तर मांडीखाली घालून बस.

बाकीच्या वाचकांपैकी ज्यांचा प्रश्न ऑफिसचा असतो त्यांच्यासाठी पटकन. मशीनकडे उठलात तर टेबलावरच्या सगळ्यांना विचारा आणि ट्रे भरून आणा, बॉससुद्धा आणतो, तिथे शिपाई नाही आणि कमीपणाही नाही. जो फक्त पितो आणि कधी आणत नाही त्याच्याबद्दल कुणी तोंडावर बोलत नाही, पण बोलतात. आणि घरी एकटे असणाऱ्यांसाठी, विशेषतः नवऱ्याबरोबर आलेल्या आणि अजून नोकरी नसलेल्या बायकांसाठी: लायब्ररीत भाषेच्या गप्पांचे गट असतात, तिथे कॉफी मिळते आणि मोडकं डच बोललं तरी कुणी हसत नाही. वस्तीच्या केंद्रात सकाळची कॉफी असते. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी शेजाऱ्यांचा दिवस असतो, तो 2006 मध्ये चक्क कॉफी कंपनीनेच सुरू केला, जाहिरात म्हणा हवं तर, पण त्या दिवशी गल्लीत टेबलं मांडतात आणि न बोलणारी माणसंही कप घेऊन बाहेर येतात. यंबो सुपरमार्केटवाल्यांनी 2019 मध्ये गप्पा मारायचं वेगळं काउंटर काढलं, ज्यांना घाई नाही त्यांनी तिथे उभं राहायचं. एवढी माणसं या देशातही एकटी आहेत, म्हणजे एकटेपण काय फक्त परक्या बाईलाच येतं असं नाही.

तर आजच बाईंना मेसेज टाक, येतोय म्हणून, आणि किती जण ते आकडा घालून लिही. सासूबाई तोवर इथेच असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल तर आधी विचार, बाई आनंदाने हो म्हणतील. पण न विचारता एक माणूस जास्त नेऊ नकोस, तिथे केकचा तुकडा खरंच कमी पडतो.